सारख्या उंचीची दोन माणसं

आमच्या घरात माझी उंची हा विषय कोणी काढत नाही. राजकारण निघतं, सोसायटीचं पार्किंग निघतं, नणंदेची सून निघते, पण माझी उंची नाही. कारण ती निघाली की पाठोपाठ नवऱ्याची उंची निघते, आणि मग त्या दिवशी कोणी नीट जेवत नाही.

मी पाच फूट आठ इंच आहे. नवरा पाच फूट साडेचार. लग्न जमवताना माझ्या बाबांनी माझ्या माहितीत चार इंच कापले, त्याच्या वडिलांनी त्याच्या माहितीत दोन वाढवले, आणि कागदावर आमचा जोडा अगदी शोभून दिसला. पाहायला मंडळी आली तेव्हा मी आधीपासूनच सतरंजीवर बसले होते. पोहे बहिणीने आणले. "जरा चालून दाखव" असं कोणी म्हणालं नाही, याचं आमच्याकडे फार कौतुक झालं. माणसं पुढारलेली आहेत, असं आई म्हणाली.

खरं काय ते मांडवात कळलं. अंतरपाट धरला तेव्हा मला पलीकडचा सगळा मांडव दिसत होता, आचारी कुठल्या पातेल्यात डाव घालतोय तेही दिसत होतं. फक्त नवरदेव दिसत नव्हता. हार घालताना नवरदेवाला त्याच्या मामांनी उचललं. बाकीच्या लग्नांत हे गंमत म्हणून करतात. आमच्याकडे गरज होती.

तेव्हापासून मी वाकते. फोटोत वाकते, त्याच्याबरोबर चालताना खांदे पाडून चालते, चप्पल कायम सपाट घेते. हे कोणी सांगितलं नव्हतं, माझं मलाच सुचलं, आणि त्याने कधी "ताठ चाल" म्हटलं नाही. हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण स्वयंपाकघरातला ओटासुद्धा मला वाकवायचा, आणि तो रोज, दोन्ही वेळा.

पिंपळे सौदागरचा हा फ्लॅट आम्ही जुनाच घेतला. आधीच्या मालकाने हौसेने ओट्यावर सनमायका करून घेतला होता, संगमरवरासारख्या रेघा असलेला, पिवळसर. खाली भुसा दाबून केलेला बोर्ड. उंची बत्तीस इंच. माझं कोपर कुठे आणि बत्तीस इंच कुठे! कांदा चिरायचा तर मी अर्धी घडी व्हायचे. पोळ्या लाटून झाल्या की कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ व्हायचं, आणि तोंडातून आपोआप "आई गं" निघायचं. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, मला उभं केलं, मग विचारलं, "तुमचा ओटा कोणाच्या मापाचा आहे?"

मी घरी येऊन तोच प्रश्न विचारला. नवरा म्हणाला, "स्टँडर्ड आहे." त्याच्या लेखी विषय संपला.

नवरा चाकणला एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. (समोर मी त्याला 'अहो' म्हणते, लिहिताना 'तो' म्हटलेलं त्याला कळणार नाही, कारण माझं लिखाण तो वाचत नाही.) गाड्यांचे भाग बनवणारी कंपनी, मोठमोठी प्रेस मशीन, आणि तिथल्या माणसांची बोटं, डोळे, पाय शाबूत घरी जावेत हे त्याचं काम. हे काम तो मनापासून करतो आणि दुर्दैवाने घरीही आणतो. आमच्या मिक्सरवर धोक्याचा लाल टॅग आहे. गॅलरीतल्या शिडीवर "चढण्यापूर्वी तपासा" अशी चिठ्ठी आहे. दिवाळीत फुलबाजी पेटवायच्या आधी तो वाळूची बादली आणून ठेवतो आणि आपण बाहेर कुठे जमायचं ते सगळ्यांना दाखवतो. आम्ही दोघंच असतो.

तर हा ओटा शेवटी स्वतःच माझ्या मदतीला आला. सिंकच्या कडेने पाणी मुरून बोर्ड फुगला, सनमायकाची कड उचकटली, आणि फटीतून झुरळांनी ये-जा सुरू केली. आता काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी ताबडतोब म्हटलं, "नवा करायचाच आहे तर माझ्या उंचीचा करा."

"आधी जुना सुरक्षित काढू. उंचीचं मग बघू."

या माणसाचं 'मग बघू' मी पुरतं ओळखून आहे. आमची केरळची सहल अजून 'मग बघू'मध्येच आहे. म्हणजे जुना ओटा निघेल, सगळ्यांची धांदल उडेल, मिस्त्री म्हणेल बत्तीस, नवरा म्हणेल स्टँडर्ड, वर काळा ग्रॅनाइट बसेल, आणि ग्रॅनाइट एकदा बसला की मी मरेपर्यंत वाकलेली राहणार. मी मनाशी ठरवलं, उंची ठरल्याशिवाय नवा दगड घरात येऊ द्यायचा नाही. कसं, ते माहीत नव्हतं.

त्याच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी असते. त्या गुरुवारी त्याने स्वयंपाकघराचा 'शटडाऊन' जाहीर केला. आदल्या दिवशीच मला सगळी भांडी, डबे, लोणच्याच्या बरण्या बाहेरच्या खोलीत हलवायला लावल्या होत्या. सकाळी मिस्त्री आला. मूळचा लातूरकडचा, संत तुकाराम नगरात त्याचं फर्निचरचं दुकान आहे. उंच, सडपातळ माणूस, दारातून सवयीने मान लववून आत येणारा. जोडीदार चऱ्होलीच्या साइटवर अडकला म्हणून एकटाच आला होता. पायात चप्पल.

नवऱ्याने त्याला उंबऱ्यावरच थांबवलं. "चप्पल चालणार नाही."

"काढू का साहेब?"

"काढू नका. बूट घाला."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. नवऱ्याने आतून आपले कंपनीचे जुने सेफ्टी शूज आणले. त्यात मिस्त्रीची टाच मावेना. शेवटी मुलाचे ट्रेकिंगचे बूट बसले. मुलगा बंगळूरला नोकरीला आहे म्हणून निभावलं.

मग टूलबॉक्स टॉक झाला. म्हणजे शिफ्ट सुरू व्हायच्या आधी कामगारांना उभं करून पाच मिनिटं धोके समजावून सांगायचे असतात, ते भाषण. श्रोते दोन: मिस्त्री आणि मी. मिस्त्रीच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, नाकावर मास्क, हातात जाड हातमोजे. तो बिचारा घामाने निथळत होता. गॉगल आणि मास्क मलाही लावायला लावला होता. नवरा हात मागे बांधून, कंपनीतल्या आवाजात बोलू लागला. सनमायकाची तुटलेली कड ब्लेडसारखी कापते, उघड्या हाताने धरायची नाही. बोर्ड कापताना उडणारा भुसा छातीत जातो, मास्क काढायचा नाही. टाइल्सच्या मागून वायर गेलेली असू शकते, मेन स्विच बंद केल्याशिवाय पटाशी मारायची नाही. सिलिंडर गॅलरीत. पाण्याचा कॉक बंद, नळीखाली बादली. स्क्रू काढायच्या आधी खालून टेकू, नाहीतर ओटा पायावर.

"आणि शेवटचं," तो म्हणाला. "दोघांनी मिळून वजन उचलायचं असेल तर दोघं सारख्या उंचीचे पाहिजेत. एक उंच, एक बुटका असेल तर सगळं वजन बुटक्याच्या अंगावर येतं. पाठ सरळ, गुडघ्यात वाकायचं, कमरेत नाही. काही शंका?"

मिस्त्रीला शंका नव्हती. मला होती, पण ती मास्कच्या आत ठेवली.

मग त्याने मेन स्विचच्या डब्याला आपलं लाल कुलूप लावलं आणि टॅग अडकवला: 'धोका. माणूस काम करत आहे. चालू करू नये.' कंपनीत नियम असा की ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, आणि तेही काम संपल्यावर. मधे साहेब आला, मालक आला, तरी नाही. या नियमाबद्दल बोलताना त्याचा गळा भरून येतो. किल्ली त्याने शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाची गुंडी लावली.

काम झकास सुरू झालं. मिस्त्रीने भिंतीलगतचा सिलिकॉनचा पट्टा कटरने कापला, शेगडीची नळी सोडवली, सिंक उचलून बाजूला ठेवलं. सिंकखाली जे निघालं त्याचं वर्णन मी करणार नाही, माझ्या माहेरची माणसं हे वाचतील. ओट्याची मागची पट्टी मात्र टाइल्सना गच्च चिकटली होती. तिला गरम हवा देऊन गोंद सैल करायचा होता. मिस्त्रीने पिशवीतून हीट गन काढली, पिन हातात धरली आणि इकडेतिकडे पाहिलं.

"साहेब, लाइट?"

नवऱ्याने खिशावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. पूर्ण घराची वीज त्याच्याच कुलपाखाली बंद होती, काम संपल्याशिवाय कुलूप निघणार नव्हतं, आणि विजेशिवाय काम संपणार नव्हतं.

"काढा की कुलूप दोन मिनिटं," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू मंगळसूत्र काढा म्हटलं होतं.

एवढ्यात समोरच्या दारातल्या मावशी आल्या. या मूळ गावातल्या. आमची बिल्डिंग उभी आहे ते वावर त्यांच्या सासऱ्यांचं, त्यामुळे बिल्डिंगमधल्या कुठल्याही घरात काय चाललंय ते पाहायचा त्यांना हक्क आहे, असं त्या मानतात आणि आम्हीही मानतो.

"आगं, ह्ये काय गं? टोपडी घालून काय चाललंय?"

मी सांगितलं. त्यांनी कुलूप पाहिलं, हीट गन पाहिली, नवऱ्याला पाहिलं. "मंग आमच्या घरातनं घ्या की करंट. आमच्याकडं कुलूप न्हाई."

नवऱ्याने वायर जमिनीलगत चिकटपट्टीने चिकटवली, दोन्ही दारांच्या मधे 'अडखळू नका' अशी पाटी ठेवली, आणि मावशींच्या विजेवर आमचं काम पुढे सरकलं. मावशी आपलीच वीज चाललीय म्हणून प्लास्टिकची खुर्ची घेऊन दारात बसल्या. गरम झालेल्या गोंदाचा वास सुटला, खिडक्या उघडल्या, पट्टी सोलून निघाली. खालचे स्क्रू निघाले. मिस्त्रीने सांध्यावर ओटा करवतीने कापून दोन तुकडे केले. लहान तुकडा त्याने एकट्याने नेला. मोठा तुकडा टेकूंवर उभा राहिला, आणि तो दोघांनी उचलायचा होता.

नवरा सरसावला. एका टोकाला मिस्त्री, एका टोकाला तो. "एक, दोन, तीन!" ओटा वर आला आणि लगेच नवऱ्याकडे कलला. मिस्त्रीकडचं टोक वर राहिलं आणि सगळं वजन नवऱ्याच्या छातीवर आलं. नवऱ्याचं तोंड लाल झालं, गॉगल नाकावर घसरला.

"ठेवा, ठेवा! टेकूवर ठेवा!"

ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा तेच. मिस्त्री अदबीने म्हणाला, "साहेब, मी जरा वाकून धरू का?"

"नाही! कमरेत वाकायचं नाही!" नवरा ओरडला.

नवरा ओट्याकडे पाहत उभा राहिला. मला त्याच्या मनातलं सगळं दिसत होतं. सकाळचं भाषण त्याच्याच आवाजात त्याच्या कानात वाजत असणार. सारखी उंची. बुटका. तो शब्द त्याने स्वतःच वापरला होता.

मावशींनी मात्र भीडभाड ठेवली नाही. "आवो साहेब, मंग तिला लावा की. ती हाय की मिस्त्रीएवढी. उगं तुमी का मधी?"

इतक्या वर्षांत हे वाक्य आमच्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. सासूबाईंनी नाही, मुलाने नाही, मी तर नाहीच. मिस्त्रीने पटकन करवतीचे दात तपासायला घेतले. मला वाटलं, आता हा म्हणणार, राहू दे, जोडीदाराला उद्या बोलवा. आणि मग उद्या सगळं घाईत होणार, आणि बत्तीस इंच.

नवऱ्याने हळूच आपले हातमोजे काढले. माझ्यापुढे धरले.

"घाल," तो म्हणाला. "हेल्मेटपण घाल. पट्टा नीट लाव."

"तुमचं काय?"

"मी सूचना देतो. नियम तो नियम." मग थोडं थांबून, खालच्या आवाजात, "तुझी पाठ?"

"उचलून नाही दुखत," मी म्हटलं. "वाकून दुखते."

त्याने मान हलवली. मला त्या क्षणी त्याचा इतका अभिमान वाटला की काय सांगू, आणि तेवढाच रागही आला. नियमासाठी हा माणूस स्वतःचा मानसुद्धा बाजूला ठेवू शकतो, आणि माझ्या पाठीसाठी इतकी वर्षं नियमाच्या पुस्तकात एक ओळ सापडली नव्हती.

मी ओट्याच्या टोकाशी गेले. गुडघ्यात वाकले, कड धरली. नवरा माझ्या बाजूला उभा राहून कंपनीतल्या आवाजात ओरडू लागला. "मान वर! खांदे पाडू नका! पाठ सरळ! सरळ म्हणजे सरळ! पूर्ण उंचीवर या!"

कामाच्या भरात तो मला 'अहो-जाहो' करत होता. आणि मी आले. पूर्ण उंचीवर. त्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदाच पूर्ण उभी राहिले, हेल्मेट घालून. वर माळ्याच्या कडेला हेल्मेटचा 'टक्' असा आवाज झाला. ओटा माझ्या आणि मिस्त्रीच्या मधे असा सपाट राहिला होता की त्यावर पाण्याचा पेला ठेवला असता तरी हलला नसता.

"वा! ह्याला म्हणत्यात उचलनं," मावशी म्हणाल्या.

आम्ही तो दारातून काढला, चिकटवलेली वायर ओलांडली, लिफ्टशेजारी नेऊन भिंतीला टेकवला. मी परत आले तेव्हा नवरा तिथेच उभा होता आणि माझ्याकडे पाहत होता. नेहमीसारखं नाही. कंपनीत नवीन मशीन उतरतं तेव्हा तो त्याच्याभोवती फिरून, वरपासून खालपर्यंत बघतो म्हणे. तसं काहीतरी. मला वाकावंसं वाटलं, सवयीने. पण हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट होता आणि मान खाली जाईना. मी तशीच राहिले.

मिस्त्री घाम पुसत, पेन्सिल कानावरून काढत म्हणाला, "वहिनी, नव्या ओट्याचं माप घेतो मी. बत्तीस ना? सगळे बत्तीसच ठेवायलेत."

मी तोंड उघडलं. इतक्या दिवसांचं भांडण पाठ केलं होतं, डॉक्टरांपासून सुरुवात करणार होते.

"थांबा," नवरा म्हणाला. त्याने मिस्त्रीच्या हातातली टेप घेतली. माझ्याकडे आला. "कोपरातून हात वाकव. जमिनीला समांतर. हं." टेपचं टोक पायाने दाबून त्याने माझ्या कोपरापर्यंत माप घेतलं, सहा बोटं खाली धरली, आणि भिंतीवर जाऊन पेन्सिलने रेघ मारली. ती रेघ जुन्या ओट्याच्या खुणेच्या बरीच वर होती. त्याच्या स्वतःच्या कोपराच्या अगदी जवळ. तो रेघेसमोर उभा राहिला, तेव्हा ते आम्हा सगळ्यांनाच दिसलं. मिस्त्रीला, मावशींना, त्याला स्वतःला.

"साहेब, हे तर सदतीस होऊ लालंय," मिस्त्री म्हणाला. "तुम्हाला चहा-बिहा करायचं झालं तर?"

"ओट्यापाशी रोज उभं कोण राहतं?" नवरा म्हणाला. "काम करणाऱ्याच्या मापाचं असतं सगळं. मशीनचं टेबल ऑपरेटरच्या उंचीला लावतात. कंपनीत मी रोज तेच सांगतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "इथंच राहिलं."

मला रडू आलं. गॉगलच्या आत आलं, त्यामुळे कोणाला दिसलं नाही, पण काचेवर वाफ धरली आणि मी गॉगल काढायला गेले तर तो ओरडला, "काम संपल्याशिवाय काढू नका!"

कुलूप संध्याकाळी निघालं. फ्रिजमधलं दूध नासलं होतं. मावशींनी चहा करून आणला आणि विजेचं काय ते बघा म्हणाल्या.

आता काळा ग्रॅनाइट बसलाय, सदतीस इंचांवर. मी ताठ उभी राहून पोळ्या लाटते. 'आई गं' बंद झालंय. सुरुवातीला चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं, आता नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळचा चहा तो करतो, ते मात्र त्याने सोडलं नाही. त्यासाठी त्याने कंपनीच्या भंगारातून परवानगी काढून एक छोटा लोखंडी स्टँड आणला, एका पायरीचा, कडेला पिवळी-काळी पट्टी. त्यावर चढून तो आलं ठेचतो. तिथं उभा असला की माझ्यापेक्षा बोटभर उंच होतो. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा तो हातातली सांडशी तशीच धरून माझ्याकडे वरून पाहत राहिला, आणि मी मान वर करून त्याच्याकडे. आम्ही दोघंही लाजलो, या वयात.

परवा तो म्हणाला, "हा स्टँड अजून दोन इंच उंच हवा होता."

मी पाठ सरळ ठेवून कोथिंबीर निवडत होते.

"मग बघू," मी म्हटलं.